वळीवर वळ

सरांच्या छत्रीला कापड न्हवतं. नुसत्या काड्या आन् मधी दांडा. ऊन असू दे, पाऊस असू दे, ती मिटल्याली छत्री हातात, आन् तिचं टोक फरशीवर टकटक वाजवत सर शाळंत यायचे. पावसात चिंब भिजून यायचे, आन् हातात छत्री! पोरी तोंडाला पदर, आपलं, रुमाल लावून हसायच्या. एकदा मोठ्या बाईंनीच इचारलं. मोठ्या बाई म्हंजे आमच्या हेडबाई. "सर, कापड बसवून घ्या की. बाजारात दोन मिनटात बसवून देत्यात."

सर म्हनले, "बाई, कापड फाटतं. काड्या फाटत नाहीत."

मोठ्या बाई रजिस्टर उचलून हापिसात निगून गेल्या.

दुसरं म्हंजे, ते मानसाकडं बगून बोलायचेच न्हाईत. तुमी हितं हुबं, तर त्येंची नजर तिकडं भितीवर, न्हायतर खिडकीकडं. नवीन मानसाला वाटायचं, काय गर्व हाय ह्या मास्तराला. जुन्यास्नी सवय झालती. शिपाई म्हनायचा, "सरांना सुट्टी मागायची तर भितीकडं जाऊन हुबं ऱ्हावा, म्हंजे बरोबर तुमच्याकडं बगतील."

आन् तिसरं फुटान्याचं. मधल्या सुट्टीत कागदावर फुटाने ओतायचे आन् बोटानं एकेक सरकवून वळी लावायचे. सगळ्या वळी सारक्या. मग डावीकडनं एकेक उचलून तोंडात. एक वळ संपली की बोट परत डावीकडं, खालच्या वळीला. मी म्हटलं, "सर, मूठ भरून खाल्लं तर पोटात वळी मोडत्यात व्हय?" लई हसले. म्हनले, "आक्का, पोटात मोडू देत. कागदावर मोडू नयेत."

मला आक्का म्हनायचे, आन् अहो-जाहो करायचे. बाकीचे मास्तर "ए बाई" म्हनायचे. त्येंचं काय चुकलं न्हाय, मी आयाच हुते तितं. बेळगावच्या कॅम्पातली पोरींची शाळा. मिलिटरीवाल्यांच्या पोरी, यापाऱ्यांच्या पोरी. झाडायचं, पानी भरायचं, घंटा द्यायची, कुना पोरीला ताप आला तर घरी पोचवायची. मला वाचता येत न्हाय. सही तेवढी येती, ती बी सरांनीच शिकवली. आता मी बोलतीया ते नात लिहून घ्यायलीया. परवा तिच्या मांडीवरच्या कंप्युटरवर चौकोनांच्या वळीच्या वळी दिसल्या, आन् माझ्या तोंडातनं आलं, "ह्यो तर सरांचा तरवा." ती म्हनली, "कोन सर गं, आज्जी?" म्हनून बसलेय सांगायला.

पयल्या दिवशीचं आदी सांगते. आमी गावाबाहेरच्या वस्तीतली मानसं. धर्म बदलला, पन लोकांच्या ध्येनात जुनंच ऱ्हातंय. तवा शाळंत पानी द्यायचं तर मी तांब्या टेबलावर ठेवून मागं सरायची. न सांगता. तशी सवयच अंगाला. सरांच्या टेबलावर बी ठेवला आन् सरले. सर भितीकडं बगत म्हनले, "आक्का, तांब्या हातात द्या."

"ठेवलाय की, सर."

"हातात द्या म्हणतो ना."

दिला. घटाघटा प्याले. घरी जाऊन मी पोरीला म्हटलं, असा मानूस बगितला न्हाय गं. केवढं मोठं मन! रातभर मला त्याचं नवल. ते नवल वरीसभर टिकलं. कसं गेलं ते फुडं सांगते.

माझं माहेर निपानी, सासर बोरगाव. आट वर्सांची असल्यापासनं दुसऱ्याच्या रानात तंबाखूचा तरवा लावला. तरवा म्हंजे रोपं. आदी सगळ्या रानावर उभ्या रेगा मारायच्या, मग आडव्या. जितं रेगंला रेग कापती तितं एक रोप. एकीनं पानी घालायचं, दुसरीनं वाकून रोप टोचायचं. दिसभर वाकून. तंबाखूचा चीक हाताला बसला की काळा हुतो, भाकरी कडू लागती, राकंनं घासला तरी जात न्हाय. नवरा वखारीत कामाला हुता, तंबाखू चाळायला. खोकत खोकत गेला. थोरला ल्योक त्याच्याआदी तापानं गेलता. सासरच्यांनी म्हटलं, आता हितं तुजं काय? मी पोरगीचा हात धरला आन् निपानीला भावाकडं आले, रिकाम्या हातानं. दोन वर्सं इड्या वळल्या. भावजय वाईट न्हवती, घर ल्हान हुतं. मग कोनीतरी सांगितलं, कॅम्पात आया पायजे. रडले न्हाय. रडायला येळ लागतो, त्यो न्हवता.

तर, कंप्युटर आले. ऐंशीच्या पुडची सालं असतील. सरकारनं दिलं म्हने. एका खोलीला पडदे लावले, दाराला मोठं कुलूप. आत तीन कंप्युटर, टीव्हीवानी दिसायचे. चपला भायेर काढायच्या. मला ओलं फडकं मारायला बंदी, सुक्या फडक्यानं पूस म्हनले. देवाच्या दारात बी आमी एवढं भ्यालो न्हाय. बाकीच्या मास्तरांनी अंग काढून घेतलं. "गणिताचे सर हायत की, त्येंनाच जुंपा." सरांना म्हैनाभर शिकायला धाडलं. आले ते छत्री वाजवत, आन् कंप्युटरची खोली उगडलीच न्हाय! पंधरा दिस पोरींना अंगनात फिरवलं.

आमच्या अंगनात शाबादी फरशी हुती. चौकोन चौकोन, वळीच्या वळी. सर पोरींना साहेब म्हनायचे. "साहेब, मशीन आंधळं आहे. त्याला जेवढं सांगाल तेवढंच कळतं. म्हणून आधी पायांनी, मग बोटांनी. एका फरशीवर खडूनं चौकोन काढायचा. मग एक फरशी उजवीकडं. परत तेच. असं आठ वेळा. हा झाला पोटातला फेरा. मग जे आठ वेळा केलं ते सगळंच्या सगळं पाच वेळा. हा मोठा फेरा. चाळीस चौकोन झाले, आणि सांगायला चार ओळी लागल्या. कळलं? नाही कळलं. चला, चालून दाखवा."

मंदा म्हनून एक पोरगी हुती, सुभेदाराची. चुनचुनीत, पन घाईची. तिनं आट चौकोन काढले, मग एक फरशी खाली उतरली, आन् तितनंच फुडं चालली. नववी फरशी, धावी फरशी, अंगन संपलं, आन् पोरगी शेवंतीच्या वाफ्यात. झाडं मोडल्याचा आवाज आला.

सर भितीकडं बगत म्हनले, "कुठं पोचलात, साहेब?"

"शेवंतीत, सर!"

"मग मशीनपण शेवंतीतच जाणार. पुढचे या."

दुसरी आली. ती आट चौकोन काढून परत डावीकडं आली, पन खाली उतरायचं इसरली. पयल्याच चौकोनावर परत चौकोन. पाच येळा गिरवली, आन् म्हनली, "झाले चाळीस!" बगितलं तर फरशीवर आटच.

मी झाडू घिऊन बाजूला हुबी. मला ऱ्हावंना. म्हटलं, "सर, ह्यो तर तरवा लावायचाच परकार. ही मगाची बांध सोडून गेली. आन् हिची वळीवर वळ पडली."

छत्रीचं टोक थांबलं. "काय म्हणालात, आक्का? परत म्हणा."

मी भ्याले. पन म्हटलं. दोन्ही मी लहान असताना खाल्ल्याल्या शिव्या. वळ सपली की दुसरी बांधाला लागून न धरता तिरपं गेलं की मुकादमीन वरडायची, "बांध सोडला गं!" आन् एकीनं लावल्याल्या वळीतच दुसरी घुसली की, "वळीवर वळ पाडतीस व्हय? एका भोकात दोन रोपं मरत्यात!"

सरांनी तितंच पोरींना सांगितलं, "साहेब, लिहून घ्या. चुका दोनच. एक बांध सोडणं, दोन वळीवर वळ. बाकी सगळं ह्याच्याच पोटात." आन् वरीसभर त्या इंग्रजी शिकनाऱ्या पोरी "बांध सोडला" म्हनून एकमेकींना चिडवत हुत्या.

मग सरांनी मला मशीनची चाल दाखवली. मशीन वळ सपली की परत पयल्या टोकाला येतं, मग दुसरी वळ धरतं. दर येळंला डावीकडनं उजवीकडंच. मी म्हटलं, "म्हंजे परत येताना मोकळंच येतंय?"

"हो."

"मग त्याला अक्कल न्हाय. आमी वळ सपली की तितंच मागं फिरून दुसरी वळ धरतो. बैल फिरल्यावानी. कोन रिकाम्या हातानं मागं येतंय, सर? रिकाम्या हातानं मागं यायचं म्हंजे काय त्ये मला इचारा."

सरांनी छत्रीचं टोक फरशीच्या एका वळीवरनं दुसरीवर नेलं. मग म्हनले, "खरं आहे, आक्का. पण मशीनला फक्त बांध ओळखता येतो. त्याला हात धरून तिथंच आणावं लागतं."

मला तवा वाटलं, मशीनबद्दलच बोलत्यात.

मग एक दिस खोली पुसायला मी बाक भितीकडनं दोन हात अलीकडं वढला, आन् परत ठेवायचा इसरले. सर आले, टकटक, टकटक, पावलं मोजल्यागत. दारातनं सात पावलं, मग उजवीकडं. आन् धाडकन बाकावर. गुडघा फुटला. मी पळत गेले, "सर, एवढा मोठा बाक, दिसला न्हाय व्हय?"

त्येंनी माझ्याकडं बगितलं. म्हंजे भितीकडं.

मी त्येंच्या तोंडाम्होरं हात हलवला न्हाय. लाज वाटली. पन मला कळलं. आमच्या वखारीत एक म्हातारी अशीच हुती. मधली नजर जाती, कडंची ऱ्हाती. म्हनून वाकडं बगायचं, म्हंजे कडंनं तरी मानूस दिसतो. छत्रीला कापड नको, कारन छत्री न्हवतीच ती. आंधळ्याची काठी हुती. काठी घेतली असती तर सगळ्यास्नी कळलं असतं. फुटाने, पावलं, वळी, सगळं त्यापायीच.

"डाक्तर काय म्हनत्यात?" मी इचारलं.

"हुबळीला गेलो, मिरजेला गेलो. म्हणतात, परत येत नाही. कडेचं राहील थोडे दिवस." गुडघ्याचं रगत रुमालानं पुसत म्हनले, "आक्का, कोणाला सांगू नका. मला दुसरं काही येत नाही. हा वर्ग तेवढा पाहिजे मला."

आन् मला तांब्या आठवला. पयल्या दिवसाचा. हातात द्या म्हनले ते दिसलंच न्हवतं म्हनून! वरीसभराचं नवल तितंच फरशीवर सांडलं. मी बी गुमान ऱ्हायची न्हाय, म्हटलं, "सर, त्या दिशी तांब्या दिसला असता, तर?"

सरांना हसू आलं. "तर उचलून प्यालो असतो. तांब्या तोच, पाणी तेच, आक्का."

मी इस्वास ठेवला. आजून ठेवते.

त्या दिवसापासनं मी सरांच्या वाटचं बगायला लागले. पोरी मशीनवर बसायच्या, सर मागं हुबे, आन् मी दारात सुकं फडकं घिऊन. पोरगीनं बटन दाबलं की सर म्हनायचे, "आक्का, पीक कसं हाय?" मी म्हनायची, "बरं उगवलंय." न्हायतर, "बांध सोडला." न्हायतर, "वळीवर वळ." मग सर बरोबर सांगायचे, कंच्या वळीत काय लिवायचं ऱ्हायलंय. सगळं त्येंच्या डोस्क्यात पाट. पोरींना वाटायचं, सर आन् आक्का गंमत करत्यात. सरांची एकच ताकीद. "आक्का, चूक दिसली की लगेच बोलायचं. थांबायचं नाही. तुम्ही थांबलात की माझी पुढची सगळी गणितं चुकतात." तशी माझ्या तोंडाला सवय लागली. दिसलं की बोललं.

सही बी तवाच शिकवली. अंगनात, फरशीवर, खडूनं. एका फरशीत एक अक्षर. म्हनले, "पगाराला अंगठा उठवता ते बंद करा." मी आजून सही करताना मनात फरश्या धरते.

मग पत्र आलं. बेंगळूरवरनं साहेब येनार, वर्ग बगनार. चांगला चालला तर कंप्युटर ऱ्हातील, आन् सरांनाच पुडं बी ठेवतील. न्हायतर उचलून दुसऱ्या शाळंला. आन् मोठ्या बाईंकडं कुनाच्या तरी आईनं तक्रार केलती, हे सर भितीकडं बगून शिकवत्यात, पोरींच्या वह्या बगत न्हाईत. मोठ्या बाईंनी सरांना बोलावून सांगितलं, "सर, त्या दिवशी तरी साहेबांकडं बगून बोला." दाराभायेर मी. सर म्हनले, "बघेन, बाई."

भायेर आल्यावर मला म्हनले, "आक्का, साहेबांना कुठं उभं करणार?"

"खिडकीजवळ करते, सर. उजेड पाठीमागं. आकार तरी दिसल कडंनं."

"बरं. आणि तुम्ही?"

"मी दारातच की. नेहमीवानी."

साहेब आले. उंच, चष्मा, बोलायला कन्नड आन् इंग्रजी, मराठी समजायची. चपला काडताना मोजे फाटल्याले दिसले, तवा मला जरा धीर आला. मोठ्या बाई, दोन मास्तर, आन् मंदा मशीनपाशी. साहेब म्हनले, आट वळी, आट चौकोन. सरांनी मान हलवली. मंदानं टपटप टपटप लिवलं, बटन दाबलं. चौकोन उमटायला लागले. पयली वळ बरी आली. मग दुसरी वळ पयलीच्या टोकापासनं सुरू झाली. पायऱ्यावानी तिरपी उतरली आन् पडद्याच्या भायेर गेली. मंदाचं तोंड पांडरं. साहेब कपाळाला आटी घालून बगत हुते. सर गप, कारन त्येंना काय दिसनार?

मी दारातनं म्हटलं, "बांध सोडला."

सर लगीच म्हनले, "मंदासाहेब, मोठ्या फेऱ्याच्या आत, पोटातल्या फेऱ्याच्या आधी, एक्स, म्हणजे आडवं मोजणं, परत पहिल्या जागेवर आणा. एवढंच."

मंदानं तेवढं घातलं. बटन दाबलं. काय सांगू तुमाला! पेरल्यावानी उगवत गेलं. वळ सपली की परत बांधाला, वळ सपली की परत बांधाला. आट आटे चौसष्ट. मी म्हटलं, "बरं उगवलंय."

साहेब मागं वळले. "यारु ईके?" म्हंजे ही कोन?

सर म्हनले, "आमच्या आक्का. बोरगावला तंबाखू लावायच्या. ह्या वर्गातल्या अर्ध्या गोष्टी त्यांच्या."

साहेब मोठ्यानं हसले. मास्तर हसले. मोठ्या बाईंच्या जिवात जीव आला. च्या आला. साहेबांनी शेऱ्याचं बुक मागवलं, खिडकीत हुबं ऱ्हाऊन पाच-सा वळी लिवल्या. चांगलंच लिवलं असनार, मोठ्या बाई मान डोलवत वाचत हुत्या. मग साहेबांनी बुक सरांच्या हातात दिलं, पेन दिलं, "सही माडी, सर," म्हनले, आन् मंदाला काय काय इचारायला वळले. सगळे तिकडं बगत हुते. सरांचं अक्षर लई देखनं. मोठं, गोल. पेन टेकवलं आन् सावकाश सही केली. साहेबांनी लिवल्याल्या तिसऱ्या वळीवर, मधोमध.

आन् माझं तोंड बोलून गेलं.

"सर, वळीवर वळ पडली."

कुनी बगतच न्हवतं. मी गप बसले असते तर बुक मिटलं असतं, कपाटात गेलं असतं. दुसऱ्या दिशी कुनी बगितलं असतं तर म्हनले असते, घाईत केली. पन दिसलं की बोलायचं, ही सवय. सगळ्यांच्या माना फिरल्या. साहेबांनी बुकात बगितलं. मग सरांकडं. मग दोन बोटं वर केली, सरांच्या तोंडाम्होरं. "एष्टु, सर?" किती?

सर भितीकडं बगत हुते. म्हनले, "साहेब, बोटं विचारू नका. चौकोन विचारा."

मंदा रडायला लागली, तिला कळलं तरी हुतं का कुनाला ठावं. साहेब वाईट मानूस न्हवता. सरांचा हात धरून खुर्चीवर बसवलं. पन नियम ते नियम. कागद आला, कंप्युटर शाळंतच ऱ्हातील. सरांनी वरीस सपेपतूर शिकवावं, जूनपासनं नवीन मानूस.

त्या सांजंला मी खोलीला कुलूप लावत हुते. सर भायेरच्या बाकावर. मला सांगायचं हुतं, सर, माझ्या तोंडानं तुमचं गेलं. पन मी नुसती किल्ली फिरवत ऱ्हायले. सरच म्हनले, "आक्का, तांब्या द्या." मी हातात दिला. प्याले. तेवढंच.

त्या पोरी चांगल्या पास झाल्या. एप्रिलात सर गुंजीला गेले, त्येंच्या गावाला. रिक्षात बसताना छत्री आत घेतली आन् म्हनले, "येतो." माझ्याकडं बगून म्हनले, म्हंजे शेवंतीच्या वाफ्याकडं.

तीन-चार वर्सं गेली. पोरगी धावी पास झाली. पेढं द्यायचं निमित्त, मी गुंजीची गाडी धरली. खरं तर पेढं न्हवतं न्यायचं, ते मनातलं न्यायचं हुतं. ठेसनावर इचारत गेले. सरांची भावजय म्हनली, "भावजी मागं परड्यात हायत. मिरची लावायलेत. आयकत न्हाईत कुनाचं."

मागं गेले. लाल माती, भादव्याची वल. सर वाकून रोपं टोचत हुते. बांधाला खुट्टी ठोकल्याली, तिला दोरी. कमरंला रोपांची जुडी. ती छत्री मातीत उभी रोवल्याली. नजर आता कडंची बी गेल्ती, चालन्यावरनं कळलं. वळीच्या शेवटाला गेले, आन् खुट्टीकडं परत न येता तितंच मागं फिरले, दुसरी वळ धरली. आमच्यावानी. बैल फिरल्यावानी.

मी पायानं आवाज केला. सर थांबले. "कोण?"

"मी, सर."

"आक्का!" त्येंनी मातीचे हात जोडले. "बघितलंत? तुमची चाल धरली. मशीनची सोडली. आता मोकळ्या हातानं मागं येत नाही."

"बगितलं, सर."

"मग सांगा. पीक कसं हाय?"

मी बगितलं. पयल्या दोन वळी सरळ हुत्या. तिसरी बरी. चौथी, मागं फिरताना बाजूला सरकायचं ऱ्हायलं हुतं, आन् ती सगळीच्या सगळी तिसऱ्या वळीत. एका भोकात दोन दोन रोपं, ह्या टोकापासनं त्या टोकापतूर. दिसभराची मेहनत. त्येंच्या तोंडावर चिखल उडाला हुता, आन् हसत हुते. मला वाटलं, एकदा तरी गप बसावं. ह्या तोंडानं एकदा घालवलंय. बरं उगवलंय म्हनावं, च्या प्यावा, गाडी धरावी.

सर वाट बगत हुते. भितीकडं न्हाय, आता भित न्हवतीच.

मी म्हटलं, "वळीवर वळ पडली, सर. तिसरीवर चौथी."

सरांनी कमरंची जुडी सोडली.

"मशीनला अक्कल नव्हती, आक्का. पण ते बांध चुकत नव्हतं." खाली वाकून त्येंनी हातानं चाचपलं, एका भोकातली दोन रोपं बोटांना लागली. "बरं झालं सांगितलंत. नाहीतर दोन्ही मेली असती." जरा थांबून म्हनले, "तेव्हाही बरं केलंत."

पेढ्याचा पुडा मी छत्रीच्या दांड्याला अडकवला. पदर खोचला. सर दोरीचं टोक धरून खुट्टीपाशी बसले, आन् मी तिसऱ्या वळीत वाकून चौथीची रोपं एकेक उपसायला लागले.